साहित्यसंशोधनातील गणन आणि साधनाची निवड

साहित्याच्या अभ्यासात संख्येचा आधार घ्यावा की घेऊ नये, हा वाद आता बराच मागे पडला आहे. लेखकाची शैली, एखाद्या रचनेच्या कर्तृत्वाचा निर्णय, दोन कालखंडांतील शब्दकळेत पडलेले अंतर अशा प्रश्नांचा विचार करताना मराठी विभागांतील संशोधकही शब्दांची वारंवारता मोजू लागले आहेत, सरासरी आणि प्रमाण विचलन काढू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र ह्या मोजणीसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न आपण अद्यापही संगणकप्रयोगशाळेतील तंत्रज्ञाकडे किंवा खरेदी समितीकडे सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न खरेदीचा नसून संशोधनपद्धतीचा आहे. आणि पद्धतीच्या निकषावर पाहिले असता साहित्यसंशोधनातील गणनासाठी मुक्त सॉफ्टवेअर निवडणे हेच उचित ठरते.

प्रारंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे समानार्थी शब्द नव्हेत. इंग्रजीत एकाच शब्दाला हे दोन्ही अर्थ चिकटलेले असल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना तेथे सतत खुलासा करावा लागतो. मराठीला ती अडचण नाही, तरीही आपण ती ओढवून घेतली आहे. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यासमोर किंमतीचा नव्हे, तर अधिकाराचा प्रश्न होता : आज्ञावली चालवण्याचा, तिची मूळ संहिता वाचून तीत बदल करण्याचा, तिच्या प्रती इतरांना देण्याचा आणि बदललेली आवृत्ती प्रसृत करण्याचा अधिकार. एखादे सॉफ्टवेअर फुकट मिळूनही त्याची संहिता बंद असू शकते. असे सॉफ्टवेअर मोफत असते, मुक्त नसते. आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ते विकत घेतलेल्या बंद सॉफ्टवेअरहून फारसे वेगळे नाही.

‘मूळ संहिता’ हा शब्द येथे मी हेतुपूर्वक वापरला आहे. संगणकशास्त्रज्ञ जिला ‘सोर्स कोड’ म्हणतात ती वस्तुतः एक संहिताच असते. ती कोणीतरी लिहिलेली असते, तिला आवृत्त्या असतात, तीत पाठभेद होतात आणि प्रमादही शिरतात. संहितेविषयी आपल्या शास्त्राने काही शिस्त घालून दिली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य घ्या. विष्णू सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या पाठावर आपण विश्वास ठेवतो तो केवळ त्यांच्या विद्वत्तेमुळे नव्हे. त्यांनी कोणता पाठ स्वीकारला, कोणता नाकारला आणि नाकारलेला पाठ कोणकोणत्या हस्तलिखितांत आढळतो, हे प्रत्येक पानाच्या तळाशी दिलेले आहे. वाचक त्यांच्याशी असहमत होऊ शकतो, कारण असहमत होण्याची सामग्री त्यांनीच त्याच्या हाती ठेवली आहे. पाठचिकित्सेत जे तळटीपेचे स्थान, तेच संख्यात्मक संशोधनात गणन करणाऱ्या आज्ञावलीचे. ती मिटून ठेवली तर उरतो तो केवळ निष्कर्ष, आणि तोही संपादकाने ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणून पुढे केलेला.

ही तुलना अलंकारिक नाही, हे दाखवण्यासाठी एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. पायथन ही आज्ञाभाषा मुक्त आहे आणि तीत ‘सायकिट-लर्न’ नावाचे एक मुक्त ग्रंथालय फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. अनेक संहिता दिल्या असता प्रत्येक संहितेत कोणता शब्द किती वेळा आला, ह्याचे कोष्टक तयार करण्याची सोय त्यात आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हवी असते ती हीच गोष्ट. आता हे यंत्र ‘शब्द’ कशाला म्हणते? त्याच्या संहितेतच उत्तर लिहिलेले आहे : अक्षर किंवा अंक ह्या वर्गातील किमान दोन चिन्हे सलग आली की तो शब्द. रोमन लिपीपुरती ही व्याख्या चालून जाते. परंतु युनिकोडच्या वर्गवारीनुसार देवनागरीतील मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ नव्हेत. ती जोडचिन्हे होत. पायथनचा मूळ नियम त्यांना शब्दाबाहेरची मानतो. परिणाम असा की, ‘मराठी’ ह्या शब्दाचे दोन तुकडे होतात, ‘मर’ आणि ‘ठ’. पैकी ‘ठ’ एकटा असल्यामुळे गळतो आणि कोष्टकात उरतो तो ‘मर’. ‘साहित्य’ ह्या शब्दातील चारही व्यंजने सुटी पडतात, म्हणून तो शब्द कोष्टकातून समूळ नाहीसा होतो. ‘आणि’चे ‘आण’ होते. ‘परंतु’ आणि ‘परी’ हे दोन्ही ‘पर’ होऊन एकत्र मोजले जातात. यंत्र कोणतीही तक्रार न करता कोष्टक देते, आलेखही सुबक येतो.

मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडणाऱ्याने त्यातलाच दोष सांगावा, हे काहींना विपरीत वाटेल. पण माझ्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. मुक्त सॉफ्टवेअर निर्दोष असते, असा दावा कोणी करू नये. त्यातला दोष दाखवता येतो, त्यावर बोट ठेवता येते, हा खरा फरक. वर दिलेली शब्दाची व्याख्या एका ओळीची आहे. ती दस्तऐवजात छापलेली आहे आणि वापरणाऱ्याला ती बदलता येते. युनिकोडमधील देवनागरीचा १२८ स्थानांचा सबंध विभाग शब्दाचा घटक मानावा, असे आपण सांगू शकतो. तसे सांगितल्यावर दंड हे विरामचिन्हही त्याच विभागात असल्याने ओवीच्या शेवटच्या शब्दाला चिकटून येते, हे ध्यानात येते आणि ते वगळावे लागते. मग आणखी एक गोष्ट उघड होते. ‘किमान दोन चिन्हे’ हा नियम राहिला तर ‘व’ गळतो. ‘व’ लिहायचे की ‘आणि’, ही मराठी लेखकाची जवळजवळ नकळत होणारी निवड आहे आणि शैलीचा शोध घेणाऱ्याला नेमक्या अशाच निवडी हव्या असतात. बंद सॉफ्टवेअरमध्ये ‘व’ का मिळाला नाही, हा प्रश्न फार तर विक्रेत्याला पत्राने विचारता येईल. हाताने मोजून ताळा घेणाऱ्या सावध संशोधकाला चूक तेथेही सापडेल, हे खरे. पण ती कोठे आहे हे त्याला दाखवता येणार नाही आणि दुरुस्तही करता येणार नाही.

ह्याच मालिकेतील दुसरी अडचण ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘साऱ्या’ ह्या शब्दांची. पडद्यावर सारखेच दिसणारे हे रूप दोन प्रकारे टंकलेले आढळते : एकात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण हलन्त करून वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह घातलेले असते. हे अदृश्य चिन्ह देवनागरीच्या विभागात मोडत नाही. त्यामुळे वरील दुरुस्तीनंतरही दुसऱ्या प्रकारचा शब्द मध्येच तुटतो आणि त्याचा उत्तरार्ध ‘या’ हे सर्वनाम म्हणून मोजला जातो. एखाद्या लेखकाच्या गद्यात ‘या’ फार येतो, असा निष्कर्ष निघाला, तर तो लेखकाचा गुण की टंकलेखकाचा, हे पाहिलेच पाहिजे. जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणारे विपर्यास आणि १९६२च्या शुद्धलेखन-नियमांमुळे एकाच पुस्तकाच्या आधीच्या व नंतरच्या आवृत्तींत पडलेला ‘नाहीं’ आणि ‘नाही’ असा फरक ह्यांचा केवळ उल्लेख करून पुढे जातो. ह्या सर्व बाबी मराठीच्या आहेत. त्यांचा विचार परदेशातील कोणतीही कंपनी आपल्यासाठी आपणहून करील, असे मानण्यास आधार नाही.

शब्द मोजून झाल्यावर गणित सुरू होते आणि तेथेही निवडी असतात. जॉन बरोज ह्यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘डेल्टा’ ही पद्धत कर्तृत्वनिर्णयासाठी सर्वत्र वापरली जाते. सर्वाधिक वारंवार येणारे शब्द घ्यायचे, प्रत्येकाची वारंवारता सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे हे काढायचे आणि दोन संहितांमधील अशा अंतरांची सरासरी घ्यायची, असे तिचे स्थूल स्वरूप. समजा, पाच कथासंग्रहांत ‘व’ची दर हजार शब्दांमागील वारंवारता अनुक्रमे ८, १०, १२, १४ आणि १६ आहे. सरासरी १२. प्रमाण विचलन किती? ‘आर’ ही आज्ञाभाषा ३.१६ हे उत्तर देते. पायथनचे ‘नमपाय’ हे ग्रंथालय २.८३ सांगते. दोन्ही बरोबर आहेत. पहिली पद्धत वर्गांच्या बेरजेला ४ने भागते, दुसरी ५ने. पहिलीत हे पाच संग्रह मोठ्या समूहाचा नमुना मानले आहेत, दुसरीत तेच संपूर्ण समूह. त्यामुळे शेवटच्या संग्रहाचे सरासरीपासूनचे अंतर एका ठिकाणी १.२६, तर दुसऱ्या ठिकाणी १.४१ येते. गंमत अशी की, पायथनमध्येच ‘पांडाज’ हे दुसरे ग्रंथालय ‘आर’च्या बाजूने उभे राहते. डेल्टाच्या क्रमवारीत ह्याने फरक पडत नाही, कारण सर्व अंतरे एकाच प्रमाणात वाढतात. पण कोणी ‘अंतर १.३च्या वर गेले तर कर्ता भिन्न’ अशी मर्यादारेषा आखली, तर निर्णयच बदलेल. एखाद्या कथासंग्रहांचा संच हा ‘नमुना’ मानावा की ‘संपूर्ण’, हा प्रश्न मुळात साहित्याच्या अभ्यासकाचा आहे. तो आपण सॉफ्टवेअरच्या पूर्वनिश्चित मूल्यावर सोडून देतो, आणि सोडून दिला हेही आपल्याला ठाऊक नसते.

डेल्टा पद्धत मराठीला जशीच्या तशी लागू पडते काय, ह्याविषयी मला शंका आहे. इंग्रजीत संबंध दाखवणारे शब्द सुटे असतात, म्हणून सर्वाधिक वारंवारतेच्या यादीत तेच वर येतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात. ‘घरात’, ‘घरापुढे’, ‘घरासाठी’ हे यंत्राला तीन स्वतंत्र शब्द वाटतात. म्हणजे इंग्रजीत जी सामग्री यादीच्या शिरोभागी असते, ती मराठीत शब्दांच्या पोटात दडलेली असते. त्यासाठी शब्दांऐवजी तीन-तीन, चार-चार चिन्हांचे गट मोजावेत किंवा प्रत्यय आधी वेगळे करावेत, असे पर्याय आहेत. एडर, रिबिकी आणि केस्टमोंट ह्यांनी ‘आर’मध्ये रचलेल्या ‘स्टायलो’ ह्या मुक्त संचात शब्द कोठे तोडावा ह्याचा आपला नियम देता येतो आणि चिन्हगटांवर मोजणीही करता येते. ज्ञानेश्वरीकार ज्ञानेश्वर आणि अभंगकर्ते ज्ञानदेव एकच की भिन्न, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि त्यात भाषेचे जुने-नवेपण हा एक महत्त्वाचा मुद्दा होता. उद्या कोणी हा प्रश्न संगणकावर घेतला, तर ओवी आणि अभंग ह्या रचनाप्रकारांतील भेद, एकनाथांनी शके १५०६मध्ये केलेले ज्ञानेश्वरीचे संशोधन, मुखपरंपरेत अभंगांच्या भाषेला मिळालेले नवे वळण ह्या सर्वांचा हिशोब त्याला आज्ञावलीत कोठेतरी मांडावा लागेल. तो कसा मांडला हे वाचकाला पाहता आले नाही, तर त्या संशोधनाने जुन्या वादात केवळ एका आकड्याची भर पडेल.

आता आक्षेपांकडे वळू. मुक्त सॉफ्टवेअरची हमी कोण देणार, हा सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न. ‘आर’ सुरू केल्याबरोबर ते स्वतःच सांगते की, माझी कोणतीही हमी नाही. अर्थात विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा बारीक टाइप वाचला, तर निष्कर्षांच्या अचूकतेची जबाबदारी तेथेही सहसा कोणी घेत नाही. ‘आर’ हे काही हौशी मंडळींनी फावल्या वेळात जुळवलेले खेळणे नव्हे. बेल प्रयोगशाळेत १९७६च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘एस’ ह्या संख्याशास्त्रीय भाषेच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन ह्या दोन अध्यापकांनी ते रचले, १९९५मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी त्याची १.० ही आवृत्ती निघाली. ‘ऑक्टेव्ह’ची कथाही अशीच विद्यापीठातली : रासायनिक अभियांत्रिकीच्या एका पाठ्यपुस्तकाला सोबत म्हणून कल्पिलेले ते साधन जॉन ईटन ह्यांनी १९९२पासून विकसित केले. अध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी केलेली ही साधने आहेत, हे मराठी विभागांनी विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्त सॉफ्टवेअर वारंवार बदलते. २०१९मध्ये ‘आर’च्या ३.६.० ह्या आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची रीत बदलली, आणि तोच बीजांक देऊनही आधीच्या व नंतरच्या आवृत्तींत भिन्न नमुने येऊ लागले. कादंबऱ्यांतून यादृच्छिक उतारे निवडणाऱ्या संशोधकाला ह्याचा फटका बसू शकतो. मात्र हा बदल जाहीर करण्यात आला, त्याचे कारण नोंदवण्यात आले, जुनी रीत परत लावण्याची सोय ठेवण्यात आली आणि जुन्या आवृत्त्या आजही संग्रहात उपलब्ध आहेत. आवृत्तीचा क्रमांक प्रबंधात दिला की अडचण दूर होते. आपण ग्रंथाची आवृत्ती देतोच.

सोयीचा आक्षेप मी मान्य करतो. एसपीएसएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये यादीतून निवड करून काम होते. ‘आर’मध्ये आज्ञा लिहावी लागते, आणि व्याकरण शिकवणाऱ्यालाही स्वल्पविरामाची चूक तेथे महागात पडते. तथापि लिहिलेली आज्ञा मागे राहते, माऊसने केलेली निवड राहत नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या गाजलेल्या निबंधाचे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. २०१३मध्ये टॉमस हर्नडन ह्या संशोधक विद्यार्थ्याने त्यांच्याकडून एक्सेलची मूळ तक्ता-फाइल मिळवली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देश राहून गेल्याचे दिसले. ही आणि इतर काही कारणे दूर केल्यावर अतिकर्जबाजारी देशांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर गेला. चूक एक्सेलची नव्हती, माणसांची होती. ती तीन वर्षे लपून राहिली, कारण गणन कोणासमोर नव्हते.

किंमतीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. महागड्या परवान्याची मुदत संपली की विभागात काय होते, हे आपण जाणतो. त्याची वाच्यता मात्र करत नाही. कोठून तरी मिळवलेली प्रत संगणकावर चढते. एका मौखिक परीक्षेत मी परीक्षक म्हणून बसलो असता उमेदवाराला विचारले की, शब्दांची ही गणना कशी केली? ‘सॉफ्टवेअरने दिली,’ असे उत्तर आले. कोणत्या आवृत्तीने, ह्याचे उत्तर देण्याऐवजी उमेदवाराने मार्गदर्शकांकडे पाहिले आणि मार्गदर्शकांनी खिडकीकडे. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वैध मार्गाने परवडत नाही असे साधन आपणच त्याला शिकवले. पदवी घेऊन तो तालुक्याच्या महाविद्यालयात रुजू झाला, की तेथे ते त्याला वापरता येणार नाही, हेही आपल्याला ठाऊक होते.

शिकवण्याची साधने नाहीत, ही सबबही आता फारशी उरलेली नाही. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने सायलॅब, पायथन, ‘आर’ ह्यांच्या अध्यापनाला मोठी चालना दिली आहे आणि तेथूनच निघालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ मालिकेतील अनेक पाठ मराठी निवेदनासह मिळतात. त्यांतील उदाहरणे अभियांत्रिकीची आहेत, ही उणीव आहे. ओवीतील अक्षरसंख्या किंवा कादंबरीतील वाक्यलांबी घेऊन असे पाठ तयार करणे हे मराठी विभागांचे काम आहे.

व्यवहारात करावयाचे एवढेच. संख्येवर आधारलेला प्रबंध स्वीकारताना त्यासोबत आज्ञावली, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, तसेच मोजलेल्या संहिता युनिकोडमधील साध्या फाइलींच्या स्वरूपात मागवाव्यात, आणि परीक्षकाने त्यांतील एक तरी कोष्टक स्वतः चालवून पाहावे. येथे स्वामित्वहक्काची अडचण येईल. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. १९१९मध्ये दिवंगत झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या प्रबंधाला जोडता येतील, पण १९८७मध्ये निवर्तलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथांच्या बाबतीत २०४७ संपेपर्यंत थांबावे लागेल. अशा ठिकाणी पूर्ण संहितेऐवजी प्रत्येक कथेतील शब्द आणि त्यांची वारंवारता ह्यांचे कोष्टक, वापरलेल्या पुस्तकाची आवृत्ती व मुद्रणवर्ष आणि शब्द तोडण्याचा नियम जोडावा. त्या कोष्टकावरून कथा कोणाला वाचता येणार नाही, पण डेल्टाचे अंतर पुन्हा काढून पाहता येईल, आणि ज्याच्या कपाटात ते पुस्तक आहे त्याला कोष्टकही तपासता येईल.